ओळखा बघू

माझ्या उजव्या डोळ्यात, पडद्याच्या मागच्या बाजूला, प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही पेशी सोडलेल्या आहेत. त्या मूळ कुणाच्या, मला माहीत नाही. त्या तिथं रुजल्या का, हे डॉक्टरही अजून छातीठोकपणे सांगत नाहीत. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीला मात्र सगळं आधीच कळलं होतं. तपासणी करून मी परत आले, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी माझा फ्लेक्स लागला होता.

फ्लेक्स मला दिसला नाही, हे वेगळं सांगायला नको. रिक्षा वळली आणि शेजारी बसलेला नवरा पुढं वाकला. मग त्याने घसा खाकरला आणि वाचून दाखवलं. "आमच्या गल्लीची शान, आदरणीय मॅडम यांना पुन्हा दृष्टी लाभल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." वर माझा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, नथ घातलेला. खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो, सगळे गॉगल लावून. म्हणजे ज्यांना दिसतं ते काळ्या काचांच्या आड आणि जिला दिसत नाही ती टक लावून रस्त्याकडं बघतेय. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"तुम्ही कुणाला काय सांगितलं?" मी विचारलं.

"मी कुठं काय सांगितलं? दूध कट्ट्यावर दूध प्यायला येणाऱ्या एकाला फोन केलता. म्हटलं, उजेड वाढलाय म्हणत्ये."

आमच्याकडं बातमी अशीच चालते. आमची बस दवाखान्याच्या शहरातून निघाली तेव्हा माझा उजेड वाढला होता, आणि कागल मागं पडेपर्यंत मला दिसायला लागलं होतं.

कागल माझं माहेर. लहानपणी तिथं दिवेलागण झाली की मी चौकटीला, हंड्याला, म्हाताऱ्या माणसांना धडकायचे. आधी मला वेंधळी ठरवलं, मग गाजरं आणि पपई सुरू केली. ती कंटाळा येईपर्यंत खाल्ली तरी संध्याकाळ काही उजळली नाही. पुढे बाजूचं दिसणं आवळत गेलं आणि तिशीत एका डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्याच्या पडद्यावरच्या उजेड टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत चालल्या आहेत, आणि याला ना चष्मा आहे ना औषध. त्यांनी विचारलं, "आईवडिलांचं लग्न नात्यातलं का?"

माझी आई बरोबर होती. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "घरातल्या घरातच की!" ती माझ्या वडिलांची सख्खी भाची. आमच्या व्यापारी घरांत मामानं भाची करणं ही रीतच, मुलगी परक्या घरात पडत नाही म्हणून सगळे खूश. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की अशा लग्नात आईकडून आणि बापाकडून एकच बिघाड मुलाच्या वाट्याला येऊ शकतो. परतीच्या बसमध्ये अव्वा बोटांवर घरातली लग्नं मोजत राहिली. तोवर माझ्या धाकट्या भावाचंही मामाच्या मुलीशी लग्न होऊन गेलं होतं.

त्या भावाची मुलगी आता बारावी झाली आहे. दिवसा तिला फुंकणीतून बघावं तेवढं गोल दिसतं, रात्री काहीच नाही. ते गोल दर वर्षी बारीक होत चाललंय. ही सगळी हकिकत तिच्यामुळेच सांगावी लागते आहे, नाहीतर मी माझी लाज माझ्याजवळच ठेवली असती.

मी भूमिती शिकवायचे, गल्लीपासून चार पावलांवरच्या क्लासमध्ये. फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढायचे आणि ते सुरुवात केली तिथंच येऊन मिळायचं. पोरं टाळ्या वाजवायची. माझी जीभ तिखट होती आणि हात त्याहून. एके दिवशी मी फळ्यावर लिहीत लिहीत फळा संपला तरी भिंतीवर लिहीत राहिले. वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर मी चार शिव्या घालून सावरले असते. त्या शांततेने मला मारलं. महिन्याच्या आत मी क्लास सोडला आणि सगळ्यांना सांगितलं की गुडघे गेलेत. पटावं म्हणून काही दिवस लंगडलेसुद्धा.

गुडघे गेले म्हटलं की लोक तेल सुचवतात. पुढं डोळ्यांचंही कळलंच. डोळे गेले म्हटलं की आवाज खाली आणतात आणि तुमच्याशी बोलायचं सोडून तुमच्या नवऱ्याशी बोलतात. "वहिनी चहा घेणार का?" असं नवऱ्याला विचारतात. मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून बाहेर पडले की मी नवऱ्याचा कोपर धरायचे. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, शर्टाला कायम वार्निशचा वास. डोळ्यांचं माहीत नसलेल्या बायका म्हणायच्या, "बघा की, ह्या वयातबी कशी जोडीनं चालत्यात!" मी लाजल्यासारखं करायचे. संसाराचं कौतुक फुकट मिळत होतं, मी घेत होते.

चाचणीची माहिती आली ती एका जुन्या डॉक्टरांकडून. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, डोळ्यांच्या संशोधन संस्थेत, माझ्यासारख्यांच्या दोनपैकी जास्त अधू असलेल्या एकाच डोळ्यात मूळ पेशींपासून वाढवलेल्या पेशी सोडून बघणार होते. लोक त्याला स्टेम सेल म्हणतात. तिथल्या डॉक्टरीणबाई फार स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "आधी हे सुरक्षित आहे का एवढंच बघायचंय. दिसेल असं आम्ही म्हणत नाही. पैसे घेत नाही, कारण विकण्यासारखं अजून काही तयारच झालेलं नाही. उद्या कुणी जाहिरात करून असलं इंजेक्शन विकायला आला, तर त्याच्या दारात उभ्या राहू नका." मी मान हलवली. नवऱ्यानेही हलवली. आम्ही दोघांनी मान हलवली आणि आत कुठंतरी, एकमेकांना न सांगता, ठरवून टाकलं की ह्या बाई उगीच घाबरवतायत.

त्याच संस्थेत एक समुपदेशक होती. तिने अट घातल्यासारखं सांगितलं, की पेशींचं काय व्हायचं ते होऊ दे, तुम्ही पांढरी काठी शिकून घ्या. शिकले. खरं सांगते, छान शिकले. त्या परक्या शहरात मी फुटपाथवरून एकटी चालायचे, काठीच्या टोकाला खड्डा कळायचा, पायरी कळायची, चहाच्या गाडीचा बाक कळायचा. कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून मान ताठ होती. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरण्याआधी मी काठीची घडी घालायचे आणि पर्सच्या तळाशी ढकलायचे. घरी ती कपाटात, साड्यांच्या खाली. गल्लीने ती कधी बघितली नव्हती.

आणि हीच मी, भावाच्या घरी जाऊन भांडत होते की पोरीला पुण्याला पाठव. तिथं नजर जात चाललेल्यांसाठी राहून शिकायची सोय आहे. काठी, ब्रेल, बोलणारा कॉम्प्युटर, सगळं. डोळ्यात थोडं आहे तोवर शिकली तर सोपं जातं. भाऊ धान्याचा व्यापारी, हट्टी, पण पोरीवर जीव. काठी म्हटलं की त्याचा चेहरा कसा होत असेल ते मला आवाजावरून कळायचं. "अक्का, लग्नाची पोर हाय. काठी धरून बाजारातनं गेली तर कोण करून घेणार तिला?" मी त्याला फैलावर घेतलं. लाज कसली वाटते रे तुला, म्हणाले. दोन वर्षं लागली, शेवटी त्याने हो म्हटलं. जागा मिळाली. मी जिंकल्याच्या आनंदात होते.

मग माझं ऑपरेशन झालं, गोळ्या झाल्या, तपासण्या झाल्या. ह्या शेवटच्या तपासणीत मला वाटलं, की उजव्या बाजूला काहीतरी फिकट आहे, ढवळलेल्या ताकासारखं. मी म्हणाले, "डॉक्टर, खिडकी तिकडं आहे." त्यांनी माझी खुर्ची गोल फिरवली, थांबवली, आणि विचारलं, "आता?" मी बोट दाखवलं. पुन्हा फिरवली. पुन्हा दाखवलं. कधी बरोबर आलं, बऱ्याचदा चुकलं. त्या म्हणाल्या, "उजेड जाणवतोय, का खिडकी कुठं असावी याचा अंदाज येतोय, हे आपल्याला अजून माहीत नाही. इतक्यात कुणाला काही सांगू नका."

बाहेर येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "जरा उजेड वाटतोय हो." त्याने माझा हात धरला आणि त्याचा श्वास अडकत अडकत यायला लागला. एवढा समजूतदार माणूस, रडताना लहान मुलासारखं नाक ओढत होता. त्यानंतर मी ते 'वाटतोय' मागे घेऊ शकले नाही.

फ्लेक्स लागला त्या दिवसापासून घरात लोकांची रीघ लागली. प्रत्येकजण यायचा, माझ्यासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "मॅडम, ओळखा बघू!" आता, जो माणूस समोर येऊन बोलतो त्याला मी गेली पंधरा-वीस वर्षं आवाजावरूनच ओळखते आहे. शिवाय एकाला तंबाखूचा वास, एकीच्या पाटल्यांचा आवाज, एकाच्या चपलेची करकर. मी नाव सांगायचे. घरभर टाळ्या. पहिल्यांदा मी म्हणाले, "अहो, आवाजावरून..." पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले नाही.

पुढं तर मी चढतच गेले. कुणी आलं की म्हणायचे, "किती वाळलास रे!" कोल्हापुरात प्रत्येकाला आपण वाळलोय असं कुणीतरी म्हणावं असं वाटतंच. एका बाईंना "रंग छान दिसतो साडीचा" म्हणाले. नवरा शेजारी होता. तो फक्त चहाचे कप गोळा करत राहिला. मला तो आवाज अजून आठवतो, कपावर कप ठेवल्याचा. त्याला खात्रीने काही कळत होतं का, मी विचारलं नाही.

माझी मला शिसारी यायची आणि तरी दुपारी बेल वाजली की मी पदर सावरून खुर्चीत बसायचे. कितीतरी वर्षांनी लोक माझ्याशी बोलत होते, नवऱ्याशी नाही.

मंडळाचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. भूमितीत दोनदा बसलेला, आता फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. तो सत्काराचं ठरवून मोकळा झाला. "मॅडम, अख्ख्या कोल्हापुरात पयली केस हाय तुमची. रविवारी सकाळी मांडव, हलगी, फेटा, सगळ्यांस्नी मिसळ. न्हाय म्हणायचं न्हाय." मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "अरे, कशाला एवढं," एवढंच बाहेर पडलं.

शनिवारी भाऊ मुलीला घेऊन कागलहून आला. जिन्यातच त्याने मला मिठी मारली. तो तसा मिठ्या मारणारा नाही. "अक्का," तो म्हणाला, "तू वाट दावलीस बघ. आता हिला कशाला धाडायची पुण्याला? दोन-तीन वर्षांत हिलाबी हेच इंजेक्शन मिळंल. तोवर सांभाळू की घरात. सोमवारी फोन करून जागा सोडतो म्हणून सांगतो त्यास्नी."

मी म्हणाले, "घाई नको करू." तो हसला. "तुझ्यामुळंच तर धीर आला," म्हणाला, आणि नवऱ्याबरोबर मांडव बघायला खाली उतरला. पोरगी त्यांच्याबरोबरच गेली असं मी समजले.

घर शांत झालं. मी आतल्या खोलीत गेले, केस विंचरले, आणि जे कुणापुढं केलं नसतं ते करायला लागले. उद्याची तालीम. हार घालणारा माझ्यापेक्षा उंच असेल, म्हणजे नजर एवढी वर. फेटा बांधणारा बाजूला, म्हणजे मान अशी. समोर लोक, म्हणजे डोळे डावीकडून उजवीकडे, सावकाश, जणू एकेक चेहरा बघतेय. मी मान वळवली, हसले, भिंतीला म्हणाले, "अरे, तूपण आलास? किती वाळलास!" जमलं नाही असं वाटलं म्हणून पुन्हा म्हणाले, जरा आणखी लाडिकपणे.

"आत्या."

आवाज दोन हातांवरून आला. मी तशीच उभी राहिले, एक हात हवेत.

"कधीपासून उभी आहेस?"

"तू केस विंचरत होतीस तवापासनं. तुझ्या पुढ्यातच उभा राहिलो." आमच्याकडच्या पोरी बोलताना 'राहिलो, जातो, येतो'च म्हणतात. "बांगड्याबी काढून ठेवल्या. सगळी तुझ्यापुढं येऊन बोलत्यात की. मी म्हटलं, न बोलता बघू."

डोळस माणसाला हे सुचलं नसतं. ज्याची नजर जातेय त्यालाच ठाऊक असतं की आपण माणसं कशावर ओळखतो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, फळा सोडून भिंतीवर लिहीत होते तेव्हाही नाही. मी पलंगाच्या कडेला बसले. ती शेजारी बसली.

"म्हंजे दिसत न्हाय."

"नाही."

"उजेड?"

"असेल. नसेलही. खिडकी कुठं आहे ते मला माहीत आहे ना, म्हणून तसं वाटत असेल."

ती रडेल असं वाटलं होतं, चिडेल असं वाटलं होतं. तिने बांगड्या पुन्हा हातात चढवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पप्पास्नी मीच म्हटलं, जागा सोडा. मला वाटलं, मिळंल इंजेक्शन. काठी धरायची लई लाज वाटती गं मला. तुझं बरं हाय. तुला कशाची लाज वाटत न्हाय. तिकडं तू एकटी रस्त्यानं जातीस म्हणं."

आता मात्र माझ्याच्याने खोटं बोलवेना. मी उठले, कपाट उघडलं, साड्यांच्या खालून काठी काढून तिच्या मांडीवर ठेवली. घडीची रबरी दोरी अजून नव्यासारखी ताठ होती. तिने बोटं फिरवली असावीत, कारण जरा वेळाने ती म्हणाली, "हिला डांबरगोळीचा वास येतोय."

"या गावात मी ती एकदाही उघडली नाही," मी म्हणाले. "मलापण लाज वाटते. तुझ्यापेक्षा जास्त वाटते."

खालून मांडवाचे बांबू ठोकल्याचा आवाज येत होता.

सकाळी मी नवऱ्याला सांगितलं. सगळं सांगितलं, खुर्ची गोल फिरवल्यापासून. तो खिडकीपर्यंत जाऊन परत आला. मग म्हणाला, "कार्यक्रम झाल्यावर सांगू या का? कट उकळलाय. पावाच्या लाद्या येऊन पडल्यात. माणसं आल्यात गं." मला त्याचा राग आला नाही. माझ्यासारखंच त्यालाही तोंड लपवायला जागा हवी होती, त्याला ती मिसळीत मिळाली. त्याने सवयीने कोपर पुढं केला. शर्टाला इस्त्रीचा वास होता, वार्निशचा नाही.

"आज नको," मी म्हणाले. "तुम्ही मागून या."

काठी उघडली की तिचे तुकडे एकात एक बसतात, खट खट खट. जिना उतरून मी दारातून बाहेर पडले. परक्या शहरात सफाईने चालणारी मी, माझ्याच गल्लीत आडवी लावलेली पहिलीच मोटारसायकल मी काठीने ठोकली. मग गटाराचं झाकण, मग मांडवाची दोरी. हलगी जोरात चालू होती. मी जशी पुढे गेले तशी ती आधी चुकली, मग बंद पडली. कुणीतरी म्हणालं, "मॅडमचा पाय मुरगळला का काय?" मी मनात म्हटलं, गुडघे पुरे झाले आता.

स्टेजच्या पायऱ्या मी काठीने मोजत चढले. कुणीतरी मला फेटा बांधला. माइक अध्यक्षाच्या हातात. त्याने काठी बघितली असणारच, पण त्याचा कार्यक्रम ठरलेला होता आणि ठरलेलं मोडायचं त्याला सुचेना. आवाज जरा कापरा झाला होता, तरी त्याने ठरल्याप्रमाणे जाहीर केलं, "आणि आता मॅडमना एक सरप्राइज! पुढं कोण उभं हाय, न बोलता... मॅडम, ओळखा बघू!"

मांडव शांत झाला. माझ्यासमोर कुणीतरी उभं होतं. हारातल्या निशिगंधाचा वास इतका दाट होता, की त्याच्यामागचं दुसरं काही कळत नव्हतं. मी डोळे वर केले नाहीत. डावीकडून उजवीकडे फिरवलेही नाहीत. माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत हे मला जाणवत होतं, आणि कान तापून लाल झाले असणार हेही.

"नाही ओळखलं," मी म्हणाले. माइक जवळ होता, ते सगळीकडं ऐकू गेलं. "मला दिसत नाही. ऑपरेशन झालं, पण दिसत नाही. पुढं काय होईल ते डॉक्टरांनाही माहीत नाही. आजवर ओळखलं ते तुमच्या आवाजावरून ओळखलं. कोण आहात, नाव सांगा."

हाराची चमकी माझ्या पदराला लागून थरथरत होती. मग अगदी हळू, लहानपणी अंधारात माझा हात धरून मला न्हाणीपर्यंत नेताना बोलायचा तशा आवाजात, तो म्हणाला, "अक्का, मी हाय गं."

माझा भाऊ होता. सख्ख्या भावासमोर उभं राहून मी त्याला नाव विचारलं होतं. त्याने हार घातला नाही. तो माझ्या हातात दिला आणि खाली उतरला.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. अध्यक्षाने "चला, मिसळ घ्या सगळ्यांनी" म्हणून माइक बंद केला. काहीजण न खाता गेले, बरेचसे खाऊन गेले. एक बाई जाता जाता म्हणाली, "साडी तर वळखली होतीसा की हो," आणि तिच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. नवऱ्याने वाढायला घेतलं. तो प्रत्येकाला आग्रह करत होता, जणू चूक त्याची होती. फेट्याखाली माझं कपाळ खाजत होतं आणि तो काढायचा कसा हे मला माहीत नव्हतं.

भाऊ वर घरी जाऊन बसला होता. मिसळ पाठवली ती तशीच राहिली. त्याच्या तोंडून पुण्याचं नाव नाही, सोमवारचं नाही, माझ्याशी काहीच नाही. मी एकदा म्हणाले, "मी आधीच सांगायला हवं होतं." तो "हं" म्हणाला.

निघायची वेळ झाली. पोरीने पिशवी घेतली. मी दाराशी उभी होते, काठी माझ्या हातात नव्हती, कुठं टेकवून ठेवली ते आठवत नव्हतं. कोपऱ्यातून भावाची पावलं आली. काठीचं टोक फरशीवर घासत आलं. त्याने ती मधेच धरून मागं ओढत आणली असावी, मूठ माझ्या पोटाला लागली.

"अक्का," तो म्हणाला. पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबलेला होता. "हिची घडी कशी घालायची?"

मी त्याचा हात धरला, वरच्या तुकड्यावर ठेवला आणि ओढायला सांगितलं. त्याने फार जोरात ओढलं आणि त्याचं बोट चिमटलं. "पुन्हा," मी म्हणाले. त्याने पुन्हा ओढलं.